गावातल्या वर्कशॉपसाठी ७×१४ इंची मिनी लेथ: घ्यावं, पण जुळवून घ्यावं

टिनाच्या शेडमध्ये सिंगल फेजवर चालवायला हे माप चांगलं आहे. बेडवर १८० मिमी व्यास फिरतो, दोन सेंटरमध्ये ३५० मिमी लांबी बसते. बुश, डवऱ्याच्या पिना, मोटरपंपाची छोटी स्लीव्ह ही कामं नीट निघतात. स्पिंडलचं (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याचं) भोक मात्र २० मिमीचं, म्हणून २५ मिमीचा शाफ्ट चकमधून (जॉब पकडणाऱ्या जबड्यातून) आरपार जात नाही. त्यासाठी तालुक्याचंच वर्कशॉप गाठावं लागेल.

खोक्यातून काढून लगेच कापायला लावू नका. बेडवरच्या ग्रीसमध्ये ओतकामाची रेती राहिलेली असू शकते, ते डिझेलने पूर्ण धुऊन मग तेल लावा.

सगळ्यात जास्त वेळ जिबला (सरकत्या भागातली ढिलाई काढणाऱ्या पट्टीला) द्या. कॅरेज (बेडवर लांबीत सरकणारा भाग), क्रॉस स्लाइड (त्यावर आडवी सरकणारी), कंपाउंड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड), तिन्हींत ढिलाई असते आणि जॉबवर लहरी उठतात त्या बहुतेक तिथूनच. जिबच्या कडांवरची बर (धातूची खरखरीत धार) कानसीने काढा. लॉकनट सैल करून जिबचे स्क्रू एका टोकाकडून थोडे थोडे आवळा, स्लाइड पूर्ण लांबीभर जरा जड पण अडखळल्याविना सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवा, नाहीतर तो सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कॅरेजखालच्या पट्ट्यांना शिम (पातळ पत्र्याची चकती) लावा. डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं घड्याळी मापक) टेकवून कॅरेज हाताने वर उचलून पाहा, ०.०२ ते ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलू नये.

मग सरळपणा. २५ मिमीचा रॉड चकमध्ये १०० मिमी बाहेर धरा, टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाला टेकू देणारा भाग) लावू नका. दोन टोकांना कॉलर (जाड कडं) ठेवून मधला भाग उतरवा आणि दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगवर अगदी हलका कट घ्या. कट जड झाला तर रॉड वाकतो आणि माप खोटं निघतं. बाहेरची कॉलर जाड निघाली तर टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम घाला, बारीक निघाली तर मागच्या. यानेही फरक गेला नाही तर हेडस्टॉकची (स्पिंडल बसवलेल्या डोक्याची) बैठक तपासावी लागते. टेलस्टॉक सगळ्यात शेवटी जुळवा, आधी जुळवला तर पुन्हा बिघडतो.

कार्बाइड टिपपेक्षा धारदार हायस्पीड स्टीलचं टूल या मोटरला जास्त मानवतं. गनमेटलचा ३० मिमीचा बुश गरम असताना मोजू नका. चाळीस अंश थंड झाला की ०.०२ मिमीने लहान होतो आणि बसवताना ढिला पडतो.

व्होल्टेज पडतं तिथे स्टॅबिलायझर आणि पक्कं अर्थिंग मशीनच्या खर्चातच धरा, कंट्रोल कार्ड सगळ्यात नाजूक आहे. स्पिंडलच्या मूळ ६२०६ बेअरिंगच्या जागी ३०२०६ टेपर रोलर बसतं, पण ते सुमारे सव्वा मिमी रुंद असतं, तेवढी स्पेसर (अंतर राखणारी कडी) कापावी लागते. जुळवणी करायची तयारी नसेल तर हे मशीन घेऊ नका.