'विथ द फायर ऑन हाय': छापील घ्यावं की ऑडिओ?

पुस्तक चांगलंय का हे विचारत असाल तर चांगलंय, घ्या, विषय संपला. खरी अडचण पुढं आहे, छापील घ्यायचं की ऑडिओ, आणि त्यात मी अकरावीतल्या भाचीसाठी म्हणून शोधायला लागलो आणि शेवटी दोन्ही घेऊन बसलो, म्हणून सांगायचा अधिकार आहे असं समजा. ई-बुकचं नाव काढत नाही, स्वयंपाक करताना स्क्रीन विझली की पिठाच्या बोटानं टकटक करत बसायचं, ते नकोच.

आधी ऑडिओ. लेखिका एलिझाबेथ ॲसेव्हेडोनं स्वतः वाचलंय आणि बाई मूळची स्टेजवर कविता म्हणणारी, तिची आधीची 'द पोएट एक्स' अख्खी कवितेतच आहे, 2018 चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालंय त्याला. त्यामुळं आवाजाला धार आहे. कादंबरीची नायिका इमोनी, ती आजीला 'ब्वेला' म्हणते, छापील वाचताना मी ते शंभरेक पानं 'ब्युला' असंच वाचत होतो, ऑडिओ लावल्यावर कळलं. पोरगी फिलाडेल्फियाची, अर्धी पोर्तो रिकन, मधेमधे स्पॅनिश शब्द येतात आणि अर्थ कोण सांगत बसत नाही, पण ऐकताना सुरावरून अंदाज लागतो. इंग्रजी वाचताना अडखळणारं पोरगं असेल तर हा मुद्दा छोटा नाही.

आणि मला वाटलेलं, स्वयंपाकाची गोष्ट आहे तर स्वयंपाकघरातच ऐकू, एका दगडात दोन पक्षी. तर झालं असं. एप्रिलमध्ये आमच्याकडं चटणीचा कार्यक्रम होता, मिरची डंकावरून कुटून आणलेली, कांदा-खोबरं तळून झालेलं आणि मी परातीत दोन्ही हातांनी कालवत होतो, कानात इमोनी आणि मलाकाय बोलत होते. आता त्या दोघांचं जे काय आहे ते एकदम हळू चालतं, तो नवीन आलेला पोरगा, ही आधीच पोळलेली, त्यामुळं महत्त्वाचं वाक्य असतं ते पुटपुटल्यासारखं येतं आणि नेमकं तेव्हाच कुकरची शिट्टी किंवा वहिनीचा मिक्सर. मग पंधरा सेकंद मागं. परत शिट्टी, परत मागं. प्रत्येक वेळी हात पुसायचा, फोनला बोट लावायचं. चौथ्यांदा हात पुसायचा कंटाळा केला, तसाच लावला, आणि दोन मिनिटांत भाचीचा फोन आला तो मी सवयीनं कानाला लावला. मामा, ऐकायला येतंय का, असं ती विचारत होती आणि माझा कान असा भाजत होता की काही विचारू नका. ताक चोळलं कानाला.

हसण्यावारी घ्या, पण खरं सांगायचं तर ठरलं ते तिथंच. तिखट हाताचं एक वेळ सोडा, पण स्वयंपाकघरात ही गोष्ट अर्धीच ऐकायला येते आणि जी अर्धी सुटते ती नेमकी प्रेमाची असते.

छापीलमध्ये हे होत नाही कारण ते तुम्ही तिथं वाचतच नाही, रात्री आवराआवर झाल्यावर वाचता. चॅप्टर लहान लहान आहेत, दोन वाचून झोपता येतं (झोपत कोण नाही ते सोडा). तीन भाग आहेत, आंबट, खमंग आणि कडूगोड अशा चवींचे, आणि प्रत्येक भागाच्या तोंडाशी इमोनीची एक रेसिपी. पहिली टेम्बलेकेची, म्हणजे नारळाचं दूध आणि कॉर्नफ्लॉवर शिजवून थंड करायचं, ताटात हलवलं की थरथरतं. किती जणांना पुरेल तिथं आकडा नाहीच, कुणाची आठवण येत असेल तर त्या जिवाला पुरेल अशा अर्थाचं काहीतरी लिहिलंय, ते वाचून मी थांबलो होतो जरा. त्यात लेमन वर्बेना, म्हणजे लिंबाच्या वासाचा पाला लागतो, तो कुठनं आणायचा, आम्ही परड्यातला गवती चहा टाकला, झक्कास झालं. पुस्तक मिटायला बघतं, मग खलबत्त्यातला बत्ता पानावर ठेवायचा. माझ्या प्रतीवर आता नारळाचा डाग आहे आणि तो मला आवडतो.

शिवाय इमोनी रेसिपी पाळतच नाही, शाळेत स्वयंपाक शिकवणाऱ्या शेफशी तिचं त्यावरूनच वाजतं. आमच्या आईला माप विचारलं की ती मुठीनं दाखवायची, त्यामुळं हा भाग मी मागं जाऊन जाऊन वाचला. ऑडिओत असं मागं जाणं जमतं, पण जागा सापडत नाही.

एक सांगून ठेवतो, इमोनी शाळेत असतानाच आई झालेली आहे, दोन वर्षांची पोरगी आहे तिला. घरी कोणाला खटकणार असेल तर आधी स्वतः वाचा. मला तरी खटकलं नाही, उलट दुपारी बर्गरच्या दुकानात नोकरी, संध्याकाळी बाळ आणि मधे कधीतरी स्पेनच्या ट्रिपसाठी पैसे जमवायचे हे बघून भाची दोन दिवस गप्प होती.

बाकी तुमचं स्वयंपाकघर शांत असेल किंवा रोज कोल्हापूर-सांगली एसटीनं जात असाल तर ऑडिओ घ्या, मी नको म्हणणार नाही, मीही आता प्रवासातच ऐकतो. भाचीला मात्र छापील दिलं. माझीच प्रत, डागासकट, कारण नवीन मागवतो म्हटलं तर तिला तीच पाहिजे होती.