स्टिअरिंगच्या नावाखाली माझे १,५४,००० गेले. बोटवाल्यांनो, स्टिअरिंगच्या सिलिंडरवरचं लेबल नखाने खरवडून बघा

आधीच सांगतो, मी नवखा नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे माझी एकवीस फुटी फायबरची स्पीडबोट आहे. मागे बाहेरून लावलेलं दीडशे हॉर्सपॉवरचं एक आउटबोर्ड इंजिन, चाक फिरवलं की तेच वळतं. नऊ वर्षं मी स्वतः ती चालवतो, पर्यटक फिरवतो, त्यावरच घर चालतं. मुखावरच्या लाटा कधी उठतात, रेतीचा पट्टा कुठे सरकलाय, हे मला डोळे मिटून कळतं. तरीही मी फसलो, आणि एकदा नाही, एकाच माणसाकडून चार वेळा पैसे देऊन फसलो. हे लिहिताना लाज वाटते. पण गेल्या महिन्यात कळलं की त्याच माणसाने आणखी एका बोटवाल्याला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, स्टिअरिंगचं तसंच किट 'दाखवायला' आणलं होतं, म्हणून लिहितोय.

माझं जुनं स्टिअरिंग केबलचं होतं. खाऱ्या पाण्याने केबलची काय गत होते ते तुम्हाला माहीत आहे. इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमध्ये, म्हणजे केबलचा रॉड सरकतो त्या नळीत, रॉड मिठाने धरायचा, चाक ओढताना खांदे दुखायचे, आणि सरळ जाताना चाकाला चांगलीच प्ले, म्हणजे ढिलाई, आली होती. दोन वर्षं ग्रीस मारत ढकललं. मग १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाच्या इंजिन चाचणीवर असलेल्या स्पीडबोटीचा ताबा सुटून ती 'नीलकमल' फेरीबोटीवर आदळली, माणसं गेली. तो व्हिडिओ घरात सगळ्यांनी बघितला. बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या बोटीत पोरं बसतात." त्या दिवशी ठरवलं, येत्या पावसाळ्यात स्टिअरिंग बदलायचंच. हौस म्हणून नाही, भीतीने केलेला खर्च आहे हा. 'स्वस्तात मस्त शोधायला गेलात म्हणून फसलात' असं म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

तो माणूस बोटवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटला. कार्डावर 'मरीन इंजिनिअर'. फोटो, व्हिडिओ, कुठल्या कुठल्या बोटींवर बसवलेली किटं. बोलण्यात इतका तयार की चाकामागचा हेल्म पंप, इंजिन वळवणारा सिलिंडर, दोघांना जोडणारे तेलाचे होज, इंजिनाचा जोर चाकावर येऊ न देणारा नो फीडबॅक वाल्व्ह, सगळं नीट समजावून सांगायचा. आउटबोर्डचं अख्खं हायड्रॉलिक किट ८६,५०० ला, बसवण्याचे १४,०००, आणि मालवणपर्यंत येण्या-जाण्या-राहण्याचे ६,३००. मी दोन ठिकाणी भाव काढला होता, दोन्हीकडे किटच एक लाख तीस हजारांच्या वर सांगत होते. तो म्हणाला, थेट आयात करतो, मधला दलाल नाही. मला पटलं. आमच्याकडे हायड्रॉलिकचं काम जाणणारा माणूस मला मिळाला नव्हता. पाचशे किलोमीटर बोट घेऊन मुंबईला जाऊ शकत नाही कोणी.

पैसे दोन भागांत मागितले. ४०,००० एका नावावर, ४६,५०० दुसऱ्याच नंबरवर, 'मिसेसचं खातं आहे' म्हणून. बसवणुकीचे आणि प्रवासाचे रोख. बिल म्हणून वहीतल्या पानावर लिहिलेला कागद, त्यावर जीएसटी नंबर नाही, किटचा सीरियल नंबर नाही. वेगळ्या नावावर पैसे मागितले की तिथेच थांबा. मी थांबलो नाही.

२३ ऑगस्टला तो आला. बोट शेडमध्येच होती. माझा खलाशी बारा वर्षं समुद्रावर आहे, तो बाजूला उकिडवा बसून बघत होता. सिलिंडर बसला, होज जोडले, चाक बसलं, मग तेल भरायची वेळ आली. खोक्यात सीलबंद तेलाची बाटली असायला हवी होती. त्याने स्वतःच्या बॅगेतून एक लिटरभराची बाटली काढली, लेबल नसलेली, आतलं तेल फिकट पिवळसर. ओतायला लागला तसा एक वास आला. तो वास मला ओळखीचा होता, जीपच्या ब्रेकचं काम करताना येतो तो. खलाशी हळूच म्हणाला, "दादा, ह्या तेल कसला ओतता तो?"

मी त्याला म्हणालो, "तू गप रव. तेका कळता."

तेव्हाच मी हात धरायला हवा होता. पुढचं सगळं त्या एका वाक्यामुळे झालं. परक्या माणसासमोर आपला माणूस अडाणी दिसू नये म्हणून मी त्याला गप्प केलं, आणि अडाणी मीच होतो. हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये कंपनी सांगेल तेच तेल घालतात. ब्रेकचं तेल तर कधीच नाही, ते आतली रबरी सीलं फुगवतं, मऊ करतं, आणि मग तेल पिस्टनच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गळत राहतं. बाहेर थेंब दिसत नाही, पण चाकात जीव राहत नाही.

दुसरी खूण त्याच दिवशी होती. त्याने घाईत तेलातली हवा काढली, एका बाजूचा निपल, म्हणजे हवा सोडायची छोटी तोटी, उघडला, दोन बुडबुडे आले की बंद. काम झाल्यावर मी सहज इंजिनाचा खालचा पाय हाताने हलवून बघितला. चाक जागेवर आणि इंजिन दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे. मी विचारलं. म्हणाला, "नवीन आहे, चाललं की सेट होईल." हायड्रॉलिक कधीही चालून सेट होत नाही. इंजिन हाताने एवढं हललं म्हणजे बहुधा आत हवा आहे. चाक पूर्ण एका बाजूला नेऊन जोर लावा, ते घट्ट थांबलं पाहिजे. जोर लावल्यावरही सरकत राहिलं तर बसवणाऱ्याला गेटाबाहेर सोडू नका, पैसे देऊ नका.

६ सप्टेंबरला पाण्यात उतरवली. पर्यटक नाहीत, मी आणि खलाशी दोघंच, दोघांनी जॅकेट घातलेलं, किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद पाडणारी, दोरी माझ्या मनगटाला. नदीत चाक एका बोटाने फिरत होतं. नऊ वर्षं चाकाशी झटापट केलेल्या माणसाला ते किती बरं वाटलं असेल! मी फोन करून त्या माणसाचे आभार मानले. हो, आभार मानले.

बाहेर समुद्र सपाट होता. बावीस नॉटपर्यंत ठीक. अठ्ठावीसच्या आसपास बोट उजवीकडे किंचित कलली. मी डावीकडे दिलं, लगेच काहीच झालं नाही, आणि मग एकदम डावीकडे कलली, आधीपेक्षा जास्त. परत उजवीकडे दिलं. तीन-चार वेळा असं झालं आणि प्रत्येक वेळी झोका वाढत गेला. खलाशी बाजूच्या पाइपवर आपटला, त्याचा खांदा आठवडाभर सुजलेला होता. मी थ्रॉटल हळूहळू मागे घेतला, ट्रिम, म्हणजे इंजिनाचा कल, आत घेतला, तेव्हा बोट पाण्यात बसली. माझे हात थरथरत होते.

हे का होतं ते आता मला समजलंय. वेगात व्ही बुडाची बोट पाण्यावर उचलली जाते आणि मागच्या छोट्याशा भागावर तोल सांभाळत धावते. तिथे इंजिन जरा इकडेतिकडे झालं तरी बोट एका कुशीवर पडते. स्टिअरिंग घट्ट असेल तर हातातली दुरुस्ती लगेच पोचते. हवेने आणि गळक्या सीलने चाक मऊ झालेलं असेल तर दुरुस्ती उशिरा पोचते, तोवर बोट दुसऱ्या कुशीवर निघालेली असते, आणि तुमचाच हात तिला आणखी ढकलतो. असं झालं तर चाकाशी भांडू नका आणि थ्रॉटल झटकन बंदही करू नका. वेग सावकाश कमी करा, ट्रिम आत घ्या.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी त्यालाच फोन केला. तो शांतपणे म्हणाला, प्रोपेलरचा टॉर्क, म्हणजे फिरण्याचा जोर, एका बाजूला ओढतोय, ट्रिम फिन बदलावी लागेल. ४,२०० पाठवले, फिन कुरिअरने आली. प्रोपेलरमागची ती छोटी फिन चाक सतत एकाच बाजूला ओढत असेल तर कामाची असते, दोन्हीकडे झोके खाणाऱ्या बोटीला तिचा उपयोग नाही. काहीच फरक पडला नाही. मग म्हणाला, प्रोपेलर चुकीचा आहे, चार पात्यांचा लावा. २८,०००. बोट थोडी हळू झाली, त्यामुळे आठ दिवस बरी वाटली. पुन्हा वेग घेतला तशी पुन्हा लोळायला लागली. मग म्हणाला, इंजिन खाली बसलंय, जॅक प्लेट लावून उचलू. १५,००० आगाऊ. मी दिले. मी ते का दिले याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की दिवाळी तोंडावर होती, आधीच १,३९,००० गेले होते आणि ते फुकट गेले हे मला मान्य करवत नव्हतं. आणि इंजिन उचललं की बोट पाण्याबाहेर जास्त येते, तोल उलट आणखी नाजूक होतो. म्हणजे तो मला पैसे घेऊन आणखी धोक्यात घालत होता. सुदैवाने प्लेट कधी आलीच नाही. १५ ऑक्टोबरनंतर त्याचा फोन बंद.

दिवाळीचे अकरा दिवस माझी बोट किनाऱ्यावर होती. ते उत्पन्न मी या हिशोबात धरलेलं नाही.

शेवटी सिलिंडर काढून गोव्यातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेला. त्याने हातात घेतला, वास घेतला आणि लेबलाच्या कडेला नख घातलं. वरचं चकचकीत लेबल सोलून आलं. खाली दुसरं, अर्धवट खरवडलेलं, त्यावर नव्वद हॉर्सपॉवरची मर्यादा. माझं इंजिन दीडशेचं आहे! रॉडवरचा क्रोम खड्डे पडलेला, वरून पॉलिश मारलेलं, बाकी सगळ्यावर काळा स्प्रे. सीलं बोटाने दाबली तर लोण्यासारखी. जुना, दुसऱ्या कुठल्यातरी बोटीवरून उतरवलेला माल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिलिंडर इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टवर सेल्फ-लॉकिंग नट हवा, तिथे साधा नट होता. तो हादऱ्याने सुटला असता तर भर वेगात इंजिन मोकळं. म्हाताऱ्याने तपासण्याचे ५०० घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुलं बसतात ना बोटीत?" मी मान खाली घातली.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "बोट बुडाली का? कोणाला लागलं का?" खलाशाच्या खांद्याचं सांगितलं, तर "मग तेव्हा का नाही आलात?" व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, पैसे पाठवल्याच्या पावत्या, दोन लेबलं लावलेला सिलिंडर, सगळं टेबलावर ठेवलं. साहेब म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा. खोटं लेबल लावून माल विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मी छापून नेलं होतं, त्यांनी ते हातातही घेतलं नाही. तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा साधा अर्ज घेतला, तोही शिक्का मारायला का-कू करत. बंदराच्या कार्यालयात गेलो, म्हटलं निदान इतर बोटवाल्यांना सूचना तरी काढा. तिथे मलाच विचारलं, "बोटीत बदल केलात तर आम्हाला कळवलं होतंत का?" म्हणजे फसलो मी, आणि बोटीचं प्रमाणपत्र जाण्याची भीतीही मलाच! दरवर्षी तपासणीत जॅकेट मोजतात, अग्निशामकाची तारीख बघतात, आणि ज्याने बोट वळते ते चाक कोणी धरूनही बघत नाही. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चाळीस दिवसांनी मेसेज आला की समोरच्याशी संपर्क न झाल्याने तक्रार बंद. त्याने फोन बंद ठेवला हीच तर माझी तक्रार होती! विमावाल्याने तर अर्धं ऐकूनच सांगितलं की न कळवता बदल केलाय, यात आमचा संबंध नाही. प्रत्येक टेबलावर मला एकच सांगितलं गेलं, चूक तुमची. चूक माझी आहे, मी कबूल करतो. पण चोर मी नाही.

एका वकिलाने तर सांगितलं, तुम्ही धंदा करता, तुम्ही ग्राहक नाहीच. हे ऐकून परत फिरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्ट आहे की केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. मी माझी बोट स्वतः चालवतो. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. माल पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तोवर मालाला हात लावू नका, दुरुस्त करून टाकू नका. मी दोन महिने तो दुरुस्तच करून टाकायच्या विचारात होतो.

माझी तक्रार दाखल झाली आहे. सिलिंडर, ती बाटली, साधा नट, दोन्ही लेबलं, सगळं गोणीत बांधून माझ्या खाटेखाली ठेवलंय. ज्यांनी गेल्या दोन वर्षांत स्वस्तात हायड्रॉलिक बसवून घेतलंय आणि ज्यांची बोट वेगात झोके खाते, त्यांनी एकदा येऊन माझं लेबल बघून जावं, डाव्या कडेला फुगा आहे, आणि मग घरी जाऊन आपल्यावर नख फिरवून बघावं. नवीन किट मी गेल्या आठवड्यात बसवलं. तेलाची बाटली मी खलाशाच्या हातात दिली. त्याने सील बघितलं, उघडून वास घेतला, "आता ओता" म्हणाला, तेव्हा ओतलं.