मोम्पोसचं चांदीचं तारकाम: आधी बाकड्यापाशी उभे राहा, मग घ्या

कोलंबियाला जाणारे बहुतेक जण कार्ताहेनाचा समुद्र बघतात आणि तिथूनच परततात. मोम्पोस तिथून बसने पाच-सहा तास आत आहे, माग्दालेना नदीच्या काठी. नकाशावर 'सांता क्रूस दे मोम्पॉक्स' असं शोधा. मी गेले ती चांदीच्या तारकामासाठी, ज्याला तिथे 'फिलिग्राना' म्हणतात. आमचं घर सराफांचं. जंतर, टाकणखार, डाख हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले. त्यामुळे हे मत जरा खोलात जाऊन देते आहे.

मी खरेदी केली ती काये रेआल देल मेदिओ या मधल्या रस्त्यावरच्या एका छोट्या कार्यशाळेत. गावात नदीला समांतर तीन मुख्य रस्ते आहेत: काठावरचा आल्बार्रादा, हा मधला आणि मागचा. तारकामाची बरीच दुकानं मधल्या रस्त्यावर सापडतात. मी गेले ते दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दाराशी काचेचं कपाट, त्याच्या मागे लाकडी बाकडं, बाकड्यावर साठीचे एक कारागीर आणि त्यांची भाची. "बघू का जरा?" विचारल्यावर त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "बसा सेन्योरा, घाई कुणाला आहे?" विक्रीची एकही गोष्ट न बोलता त्यांनी काम पुढे सुरू केलं.

काम असं चालतं. चांदीची कांडी वितळवून ओततात, लाटून लांब करतात आणि भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून ओढतात, दर वेळी आधीपेक्षा लहान भोकातून. हेच आपलं जंतर. तार केसाइतकी बारीक झाली की दोन तारांना एकत्र पीळ देतात आणि मग तो पीळ रुळांमधून काढून चपटा करतात. या चपट्या पिळाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसतात आणि तारकामाची सगळी चमक त्या दात्यांवर असते. जाड तारेची चौकट आधी तयार असते. तिच्यात चिमट्याने गोल, पाकळ्या, लाटा वळवून एकमेकींना रेटून बसवतात. शेवटी डाखेची, म्हणजे सांधा जोडणाऱ्या मिश्रधातूची पूड आणि ती नीट वाहावी म्हणून टाकणखार भुरभुरून वरून बारीक ज्योत फिरवतात. इथे हात क्षणभर जास्त रेंगाळला तर सगळी जाळी वितळून थेंब होते. भाचीने तीन पाकळ्यांचं फूल डाखलं तेव्हा मी श्वास रोखून बघत होते आणि तिचे मामा मात्र खिडकीबाहेर कुणाला तरी नमस्कार करत होते, इतका त्यांचा तिच्यावर विश्वास. ज्योतीखालून काळी पडून आलेली वस्तू आम्लात उजळतात. ती पांढरीफटक निघते आणि पितळी ब्रशने घासल्यावर तिला पाणी चढतं.

मी कानातली घेतली: मधे घट्ट गोल, भोवती उघड्या पाकळ्या. वजन जवळजवळ जाणवतच नाही. दिवसभर घातली तरी कानाची पाळी ओढली जात नाही. डाख कुठे वर आलेली नाही, मागची बाजू पुढच्याइतकीच स्वच्छ आहे, आणि दोन्ही फुलं नीट निरखली तर एका पाकळीचा वळसा किंचित वेगळा आहे. मला नेमकं हेच हवं होतं. एक उणीव सांगायलाच हवी: मागचा आकडा फारच मऊ आहे, रोज वापरणाऱ्यांनी तो जाड तारेचा करून मागावा. ते करून देतात, थोडा वेळ लागतो.

भाव बहुतेक ठिकाणी वजनावर असतो, घडणावळ त्यातच धरलेली. लहान कुड्या हजारो पेसोंना मिळतात, मोठे हार काही लाखांत जातात. शून्यं बघून घाबरू नका, कोलंबियात साधं जेवणही हजारांतच असतं. घासाघीस मी केली नाही. बाकड्यापाशी बसून काम बघितल्यावर ती करावीशी वाटणार नाही.

गावातल्याच दुसऱ्या एका दुकानात साच्यात ओतलेले दागिने तारकाम म्हणून समोर ठेवले गेले. ओळखायचं कसं? वस्तू उलटी करा. खऱ्या कामात तारांच्या मधून आरपार दिसतं आणि पिळाचे दाते नखाला लागतात. ओतीव वस्तूत कडा गुळगुळीत असतात, वजन जास्त असतं आणि जोडीतले दोन्ही दागिने तंतोतंत सारखे. आधी कार्यशाळा दाखवा म्हणा. जो दाखवतो त्याच्याकडून घ्या. गावातल्या एस्कुएला तायेर या शाळेत तरुण मुलं हे काम शिकतात, सुतारकाम आणि लोहारकामही शिकतात, तिथेही जरूर डोकावा.

या कामाचा आणि गावातल्या शांततेचा संबंध मला तिथे गेल्यावर कळला. मोम्पोस सोळाव्या शतकात वसलं. माग्दालेना हाच किनाऱ्यावरून आत जाण्याचा रस्ता होता. सोनं, माल, माणसं सगळं इथे थांबायचं, त्यामुळे सोनारही इथे जमले. 6 ऑगस्ट 1810 ला या गावाने स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं आणि 1812 मध्ये स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी सिमोन बोलिव्हारला इथून 400 माणसं मिळाली. पुढे नदीचा हा फाटा गाळाने भरत गेला, मुख्य प्रवाह लोबाच्या फाट्याकडे वळला, आणि मोठ्या बोटींबरोबर व्यापार मागांगे या दुसऱ्या नदीकाठच्या गावाला गेला. गाव जागच्या जागी राहिलं. पांढऱ्या भिंती, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्या, सांता बार्बारा चर्चचा सज्जा असलेला अष्टकोनी मनोरा, सगळं टिकलं. 1995 मध्ये युनेस्कोने जुनं गाव जागतिक वारशात घेतलं. त्या खिडक्यांच्या जाळ्यांतल्या वेटोळ्यांकडे नीट बघा, मग कानातल्यांकडे बघा. हात वेगळे, पण नजर एकाच गावाची.

आता बाकीचं थोडक्यात. दुपारी अकरा ते चार बाहेर पडू नका, ऊन अंगावर कोसळतं आणि दुकानंही मिटलेली असतात. राहण्याची जागा निवडताना अंगण आणि उंच छत असलेलं जुनं घर घ्या. माझ्या खोलीतली वीज रात्री गेली तेव्हा त्या छतानेच तारलं. संध्याकाळी लोक लाकडी झुलत्या खुर्च्या दारासमोर रस्त्यावर काढतात. त्या खुर्च्याही इथेच बनतात. ओळख नसली तरी "बुएनास" म्हणत जा, उत्तर येतंच, बऱ्याचदा खुर्चीही येते.

पिहिन्योच्या पाणथळीची दुपारची होडी सफर पैसे वसूल आहे. काठावरच्या झाडांवर इग्वाना, बगळे, खंड्याचे भाऊबंद, आणि नशीब असेल तर ओरडणारी माकडं. कडेला बसा, टोपी बांधून ठेवा. खाण्यात तळलेला बोकाचिको मासा काटेरी पण चवदार, सोबत नारळाचा भात. शाकाहारी असाल तर पाताकोन म्हणजे चेपून तळलेली कच्ची केळी आणि 'केसो दे कापा' हे पदर गुंडाळून केलेलं चीज यांवर खुशाल निभेल. या चीजच्या काही गोळ्यांच्या पोटात पेरूची वडी असते, ती मागून घ्या.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मिरवणुका बघायला सगळा देश लोटतो. तेव्हा जायचं तर खोली फार आधी ठरवा. तारकाम निवांत बघायचं असेल तर तो आठवडा टाळा आणि किमान दोन रात्री हाताशी ठेवा, म्हणजे पहिल्या दिवशी सांगितलेला दागिना तिसऱ्या दिवशी सकाळी बसच्या आधी मिळेल. रोख पेसो जवळ ठेवा, पावतीवर चांदीची शुद्धता लिहून घ्या. दागिना कापसात गुंडाळून कडक डबीत भरा. नुसत्या कापडी पिशवीत पाकळ्या दबतात.