आघातातून सावरायला मदत करणारी एक संस्था आणि ती चालवणारी माणसं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. आमचा गट लहान आहे, आणि नागपूर त्याहून लहान. धरमपेठेत कुणी काही लिहिलं की ते कुणी लिहिलं हे संध्याकाळपर्यंत प्रतापनगरात माहीत असतं. पण गेल्या पावसाळ्यापासून मी त्यांच्या गटात आहे, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणींनी (आणि एक-दोन पुरुषांनीही, आडून आडून) विचारलं की जावं का. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. यात कार्यक्रमाबद्दल कमी आणि तो चालवणाऱ्या माणसांबद्दल जास्त आहे. अभ्यासक्रम कुठेही गेलात तरी साधारण सारखाच असतो. फरक माणसांचा पडतो.

थोडी पार्श्वभूमी. एखादा अपघात किंवा पूर यानंतर मनाला होणारा त्रास वेगळा, आणि जिथून पळता येत नाही अशा जागी वर्षानुवर्षं सोसलेल्या गोष्टींचा त्रास वेगळा, हे ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' (पीटीएसडी म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मनाचा आजार) हे स्वतंत्र निदान म्हणून आलं, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अमेरिकेच्या डीएसएममध्ये, म्हणजे तिथल्या मनोविकारांच्या यादीत, ते अजून वेगळं नाही. त्यामुळे दोन डॉक्टरांनी दोन नावं सांगितली तर लगेच गोंधळून जाऊ नका.

पीटीएसडीमध्ये जुनं आत्ता घडतंय असं वाटणं, त्याची आठवण देणारं सगळं टाळणं आणि सतत धोक्याची जाणीव, हे तिन्ही असतं. कॉम्प्लेक्समध्ये त्यावर आणखी तीन गोष्टी येतात. भावना आवरत नाहीत, नाहीतर पार गोठून जातात. आपण मुळातच वाया गेलेलो आहोत हे आत पक्कं बसलेलं असतं. आणि माणसांशी जवळीक टिकत नाही. रामदासपेठेतल्या माझ्या डॉक्टरांनी हे सगळं प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं, गोळ्या सुरू केल्या आणि जोडीला या संस्थेचा गट सुचवला.

शेवटचं लक्षण पुन्हा एकदा वाचा. ज्याचं नुकसान बापानं, काकानं, नवऱ्यानं, एखाद्या सरांनी केलंय, म्हणजे ज्याच्या हातात आपण होतो अशाच माणसानं केलंय, तो इथे येऊन पुन्हा कुणातरी मोठ्या माणसासमोर बसतो. ताईंसमोर, मॅडमसमोर. त्या आपला मोठेपणा कसा वापरतात यावर सगळं आहे. आपण 'नाही' म्हटलं की त्यांचा चेहरा कसा होतो, मी तेवढंच बघत होते.

जायच्या आधी कागद तपासले. यात मला कुणी नावं ठेवली तरी चालेल, मी ऑडिटच्या कामातली आहे. आपल्याकडे सार्वजनिक न्यास १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. नोंदणी क्रमांक मागितला की शेड्यूल वनचा, म्हणजे न्यासाच्या नोंदवहीचा, उतारा बघता येतो, त्यात विश्वस्तांची नावं असतात. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. वेबसाइटवर झळकणारी नावं आणि उताऱ्यावरची नावं वेगळी निघाली तर काहून वेगळी, ते विचारा. नवरा, बायको, साळा आणि साळ्याची बायको एवढेच विश्वस्त असतील तर तक्रार कुणाकडे करणार? इथे तसं नव्हतं. संस्थापक ताईंचं एकही नातलग मंडळावर नाही.

दुसरी तपासणी उपचार करणाऱ्यांची. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, आणि तो नंबर ऑनलाइन टाकून बघता येतो. हीलर, लाईफ कोच, एनर्जी कोच अशा पाट्यांना कसलीच नोंदणी लागत नाही, आणि आपल्या शहरात सध्या या पाट्यांचं पीक आलंय. मी पहिल्याच फोनवर नंबर विचारला. पलीकडच्या मुलीनं "थांबा हं" म्हणून लगेच वाचून दाखवला, वर "सगळ्यांनी विचारायला हवं" असंही म्हणाली. पहिली खूण चांगली मिळाली.

आता माणसं. सगळ्यात आधी क्लिनिकल बाजू सांभाळणाऱ्या मॅडम, कारण माझ्या मते संस्था त्यांच्यामुळे उभी आहे, फोटो कुणाचेही छापून येवोत. बोलणं कमी, जरा कोरडंच. पहिल्या भेटीत मला त्या आवडल्या नव्हत्या. त्यांचा नियम असा की गटात बोलताना आपल्यावर काय घडलं याचा तपशील सांगायचा नाही, आज त्याचा काय त्रास होतोय ते सांगायचं. आम्ही सगळे तोंड उघडायलाच आलेलो, आणि इथे दारातच अडवलं म्हणून बरेच जण नाराज होते.

मग एप्रिलमधली एक संध्याकाळ. खिडकीतला कूलर धडधडत होता. एक नवीन मुलगी अचानक बोलायला लागली, कोणत्या खोलीत, कुणी, काय. तिचा आवाज सपाट होत चालला होता आणि बोटं ओढणीच्या टोकाला पीळ देत होती. मॅडम खुर्ची ओढून तिच्या समोर नाही, बाजूला बसल्या. म्हणाल्या, "थांब जरा. तुझं खोटं वाटतं म्हणून थांबवत नाहीये. पाय फरशीला टेकलेत का बघ." मुलीनं पाहिलं. "गार लागते का फरशी?" "नाही." "लागणार कशी, पंचेचाळीस डिग्रीत. बरं, आवाज कसला येतोय?" "कूलरचा." "आपल्या की शेजारच्यांच्या?" ती मुलगी खरंच कान देऊन ऐकायला लागली आणि मग हसली. "दोन्ही." एवढंच. तिची हकीकत त्यांनी नंतर एकटीला बोलावून, तिच्या गतीनं ऐकली, हे तिनंच पुढे सांगितलं.

हर्मन यांनी सावरण्याचे तीन टप्पे सांगितलेत: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. कागदावर सोपं दिसतं. पण पहिला टप्पा लांबवायला नेतृत्वाच्या अंगात धीर लागतो, कारण पहिल्या टप्प्यात बाहेर दाखवण्यासारखं काहीच घडत नाही. रडारड नाही, मिठ्या नाहीत, देणगीदाराला सांगायला किस्सा नाही. मॅडमनी आमच्या बॅचचे कित्येक महिने झोप, श्वास, जेवणाच्या वेळा आणि 'नाही' म्हणण्याचा सराव यांत घालवले.

संस्थापक ताईंचं प्रकरण वेगळं. त्या स्वतः यातून गेलेल्या आहेत आणि ते उघडपणे सांगतात. त्यांनी नाही सांगितलं असतं तर आमच्यातल्या अर्ध्या बायका आल्याच नसत्या, हे मान्य करायला हवं. व्यासपीठावर बोलायला लागल्या की सभागृह गप्प होतं. पण त्या स्वागतालाच म्हणाल्या, "आजपासून आपण सगळे एक कुटुंब." मी आजूबाजूला पाहिलं, तीन-चार जणींनी मान खाली घातली होती. ज्यांचं जे झालं ते कुटुंबातच झालं, त्यांना आणखी एक कुटुंब कशाला देता? मॅडमच्या कपाळावर आठी आली होती, तीही मी टिपली.

खरी परीक्षा दिवाळीच्या सुमाराला झाली. संस्थेला निधी उभा करायचा होता. ताईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की ज्यांना बरं वाटतंय त्यांनी एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ द्यावा, चेहरा दिसला तर उत्तम. सक्ती कुठेच नव्हती. पण ज्यांना आयुष्यभर मोठ्यांना खूश ठेवायची सवय लागलीय त्यांना 'ऐच्छिक' म्हणजे काय कळणार? दोघींनी रात्रीतून व्हिडिओ पाठवले. मी लेखी हरकत घेतली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ मध्ये उपचार घेणाऱ्याचं छायाचित्र वा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देऊ नये असं आहे. आमच्यासारख्या गटाला ते कलम तंतोतंत लागू होतं का यावर वकील भांडतील, पण शहाण्यानं तेवढ्यावरून बोध घ्यावा. आणि ज्याच्या हातात आपली मदत आहे त्यानं मागितलेली संमती कितपत मोकळी असते, हा माझा दुसरा मुद्दा होता.

ताईंचं पहिलं उत्तर चांगलं नव्हतं. "मी स्वतःची गोष्ट जगासमोर मांडली, त्यात मला कमीपणा वाटला नाही," अशा अर्थाचं लांबलचक लिहिलं होतं त्यांनी. मला पोटात जुना गोळा आला. आता गटात आपल्याशी कुणी बोलणार नाही, अशी तयारी मी मनात करून ठेवली.

तसं झालं नाही. विश्वस्त मंडळात एक निवृत्त सीए आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी माझं हरकतीचं पत्र बैठकीत ठेवलं. पुढच्या आठवड्यात ताई गटात आल्या आणि आल्या आल्या, बसायच्याही आधी, म्हणाल्या की व्हिडिओ काढून टाकलेत, चालू गटातल्या कुणाकडूनही यापुढे व्हिडिओ मागणार नाही, आणि त्यांचं ते पहिलं उत्तर रागातून गेलं होतं. माफी मागताना रडल्या नाहीत, हे मला फार आवडलं. रडल्या असत्या तर आम्ही सगळ्या उठून त्यांनाच सांभाळत बसलो असतो. त्यानंतर नियम छापून भिंतीवर लागला. माझ्याशी कुणाचं वागणं बदललं नाही, जास्त गोडही झालं नाही.

काकांबद्दल थोडक्यात: वार्षिक सभेत हिशेब वाचून दाखवतात, देणगीवरच्या करसवलतीची 80जीची पावती मागायच्या आत मिळते, आणि "पगारावर एवढे का?" या प्रश्नाला "चांगली माणसं फुकट टिकत नाहीत बाप्पा" असं ठणकावून सांगतात. बरोबर आहे त्यांचं.

रात्री-बेरात्रीच्या संकटासाठी ही संस्था नाही, आणि हे तिथे पहिल्या दिवशीच सांगतात. फॉर्मवर लिहून घेतात की वेळ आलीच तर घरच्यांपैकी कुणाला कळवायचं आणि कुणाला अजिबात कळवायचं नाही. हा दुसरा रकाना मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. रात्रीसाठी ते टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देतात. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी एकदा लावला आहे, पलीकडच्या माणसानं घाई केली नाही.

कुरकुर करण्यासारखंही आहे. गटाची वेळ संध्याकाळी सातची. ही वेळ ज्यानं ठरवली त्यानं आयुष्यात पोळ्या लाटलेल्या नसाव्यात. माझी जाऊ रोज विचारायची, "कुठं जाऊन राहिली तू स्वयंपाकाच्या टायमाला?" छापील साहित्य बराच काळ इंग्रजीतच होतं, मराठीत आलं ते फार उशिरा, आणि त्यातही काही पानं वाचवत नाहीत. पुरुष जवळजवळ नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा गट करू असं ऐकतेय, झालेला पाहिला नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी: मॅडम आजारी पडल्या तेव्हा काही आठवडे गट नुसता गप्पांचा झाला. दुसरी फळी तयार नाही. हे मी सभेत विचारलं, तेव्हा एका तरुण मानसशास्त्रज्ञाला घेतलंय असं सांगितलं. ती चांगली वाटते, पण अजून मॅडमकडे बघत बघत बोलते.

माझ्यात काय फरक पडला? झोप बरी आहे. माहेरचा फोन वाजला की उचलायचा की नाही हे आता मी ठरवते. गोळ्या चालू आहेत आणि डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालू राहतील. संस्थेतल्या कुणीही त्या बंद करायला सांगितलं नाही. कुठे तसं सांगितलं तर त्याच दिवशी चप्पल घाला.

सध्या मारहाणीच्या घरातच राहत असाल तर आधी त्यातून बाहेर पडण्याची मदत शोधा. गट त्यासाठी पुरणार नाही, आणि मॅडम स्वतः तसं सांगून दुसरीकडे पाठवतात. दारूची सवय सुटलेली नसेल तरी तेच. बाकीच्यांनी एक बैठक बघून यायला हरकत नाही. पहिली बैठक मोफत असते, आणि परत आला नाहीत तर मागे लागून फोन करत नाहीत. आमच्यातली एक मध्येच सोडून गेली, तिला उरलेली फी न मागता परत मिळाली. पुढची बॅच पावसाळ्यात आहे. वेळ अजून सातचीच आहे, सहाची करा म्हणून अर्ज दिलाय. तुम्ही गेलात तर तुम्हीही सही करा.