देवास नाक्याचं भंगार यार्ड: माल चांगला, पण रेशो आपल्या हाताने मोजा

इंदूरला देवास नाक्याकडे जुन्या गाड्यांचं भंगार मिळतं, त्यातल्या एका यार्डात मागच्या आठवड्यात जीपचा मागचा एक्सल घ्यायला गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रार आहे आणि मला परत तिथेच जायचंय. नौतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) चालू, बारा वाजता लोखंडाला हात लावायची सोय नाही, सोबत आमचे उस्ताद.

माझी गाडी जुनी सीजे-३बी. पुढच्या एक्सलचा रेशो ५.३८, म्हणजे क्राउनला (एक्सलमधलं मोठं चक्र) ४३ दाते आणि त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ८. मागचा क्राउन-पिनियन वर्षभर रडत होता, शेवटी चोरलच्या घाटात गेला. आता मागे पण ५.३८ च पाहिजे. लोक म्हणतात जो मिळेल तो टाक रे, चालतंय. टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना, चालतं पण, फक्त स्पीडोमीटर खोटं बोलतो. पण फोर-व्हील टाकलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकाच स्पीडने फिरतो, या गाडीला मधे तिसरं डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअर) नाही, मग पुढची चाकं आणि मागची चाकं आपसात भांडतात. चिखलात टायर घसरून भांडण मिटतं, डांबरावर जॉइंट नाहीतर गिअर जातो.

यार्डात माल भरपूर, एक्सल ओळीने लावलेले, हे मला आवडलं. प्रत्येकावर पांढऱ्या पेंटने रेशो लिहिलेला. मालक म्हणाले, "भिया, ये पाँच अड़तीस है, आँख बंद करके ले जाओ." उस्तादांनी डोळे उघडेच ठेवले. कव्हरच्या बोल्टखाली कधीकधी रेशोची पत्री असते, इथे नव्हती, आणि असती तरी काय, आत क्राउन-पिनियन कोणी कधी बदललाय ते पत्रीला थोडीच कळतं. कव्हर उघडून दाते मोजणं सगळ्यात पक्कं, दहाच बोल्ट, पण ते उघडू देईनात, ऑइल सांडतं म्हणे. एक तारा इथेच गेला.

मग फिरवून मोजला. एका बाजूच्या ड्रमच्या स्टडमधे पहार घालून तो अडकवला, दुसरा मोकळा. पिनियनच्या फ्लँजवर (बाहेरची चकती, जिला शाफ्ट जोडतात) विटेच्या तुकड्याने रेघ, तशीच ड्रमवर. हे अडकवणं विसरलात तर दुसरा ड्रम गुपचूप उलटा फिरतो आणि मोजणी बोंबलते. एक चाक धरलेलं असलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक, म्हणून दोन फेऱ्यात पिनियन जितका फिरेल तो रेशो. पण दोन फेऱ्यात ५.३८ आणि जवळच्या दुसऱ्या रेशोतला, ४.८८ मधला फरक अर्धा फेराच येतो, त्यात गिअरची ढिलाई, ग्रीसचे हात, कोणालाही चकवेल. उस्ताद म्हणाले वीस फेरे कर. वीस फेऱ्यांना ५.३८ वाला पिनियन पावणेचोपन्न वेळा फिरतो आणि ४.८८ वाला पावणेएकोणपन्न, सरळ पाचाचा फरक. मी ड्रम फिरवतोय, यार्डचा पोरगा फ्लँजपाशी उकिडवा बसून मोठ्याने मोजतोय, अड़तालीस झालं, रेघ पाऊण फेरा गेली आणि माझे वीस संपले. म्हणजे ३९-८ वाला, ४.८८!

मालकांनी वाद घातला नाही हे खरं सांगतो. थिनरचा बोळा घेतला, आकडा पुसला आणि जसा काही तोच आधीपासून होता तसा नवीन लिहिला. मग मागच्या ओळीतून दुसरा काढून दिला, तो परत वीस फेरे, पावणेचोपन्न बरोबर. चौदा हजार म्हणत होते, अकरात दिला. घरी कव्हर उघडलं तर क्राउनवर ४३-८ कोरलेलं दिसलं, दाते छान, पण ऑइल चहासारखं, पाणी गेलेलं, आणि डावं बेअरिंग खरखरत होतं, ते बदलावं लागलं. त्याचे पैसे मागितले तर म्हणे भंगारात गॅरंटी कसली.

पाचपैकी साडेतीन. पहार तिथे मिळते, खडू आपला न्या, आणि सकाळी नऊच्या आत जा, दुपारी तिथे सावली नाही.