नवी रोड बाइक: पहिली फेरी आणि त्यानंतरचे महिने

पहिल्या फेरीवरून आल्या आल्या या सायकलबद्दल लिहिलं असतं, तर वेगाचं कौतुक वारेमाप झालं असतं आणि तक्रारी भलत्याच गोष्टींच्या केल्या असत्या. म्हणून मुद्दाम काही महिने थांबलो.

ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा), डिस्क ब्रेक, पुढच्या दोन चक्रांना ५०/३४ दात, मागे ११-३२ दातांची कॅसेट, म्हणजे गिअरच्या चक्रांचा संच, टायर २८ मिमीचे. सस्पेन्शनवाल्या सायकलवरून थेट हिच्यावर बसलं की पहिल्याच पायडलला फरक कळतो: जोर कुठे जिरत नाही, सायकल पुढे सुटते. हँडलही तितकंच चपळ. सुरुवातीला एक हात सोडून पाणी प्यायचा धीर होत नाही, पण ती भीती लवकर जाते. हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं, त्याने दचकायला होतं. लहान मापाच्या फ्रेममध्ये हे चालायचंच. वेगात हँडल एवढं वळतच नाही.

ब्रेक पहिल्या दिवशी मऊ वाटले. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ घेतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, जवळजवळ थांबेपर्यंत दाबत, असं बरेचदा केल्यावर पकड आली. गिअर मात्र सुरुवातीला छान आणि नंतर कुरकुरे झाले, कारण नव्या केबलचं आवरण जागेवर बसलं की ताण उतरतो. केबलचा ताण कमी-जास्त करणारा स्क्रू, म्हणजे बॅरल ॲडजस्टर, पाव-पाव फेरा फिरवून जमलं.

खरा त्रास हातांचा. तासाभरात करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस दाबली गेली की असं होतं. ग्लोव्हज बदलून काही फरक पडला नाही. दोष सीटचा निघाला: तिचं नाक किंचित खाली झुकलेलं, त्यामुळे अंग पुढे घसरायचं आणि सगळा भार तळव्यांवर. सीट सपाट केली, स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कशी जोडणारा तुकडा, १०० ऐवजी ९० मिमीचा लावला आणि बधिरपणा गेला. (फोर्कची नळी कार्बनची असेल तर स्टेमचे बोल्ट अंदाजाने आवळू नका, स्टेमवर छापलेल्या न्यूटन मीटरइतकेच आवळा. त्यासाठी आवळण्याचा जोर मोजणारा पाना, टॉर्क रेंच, घ्यायला लागला तरी घ्या.)

हवेबद्दल तर सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं. सायकल आली तेव्हा टायर दगडासारखे टणक होते. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, रोज भरायचा नव्हे. माझं वजन सत्तरच्या आसपास. शंभर पीएसआयवरून (हवेच्या दाबाचं माप) पंचाहत्तरपर्यंत उतरलो आणि खडबडीत डांबरावर दात वाजायचे थांबले. वेग कमी झाल्याचं जाणवलं नाही. बारीक टायरची हवा पटकन उतरते, तेव्हा प्रेशर दाखवणारा उभा पंप घरी हवाच, आणि तो प्रेस्टा व्हॉल्व्हला, म्हणजे या टायरच्या बारीक व्हॉल्व्हला, बसणारा हवा.

न सुटलेली तक्रार फ्रेमची आहे. २८ पेक्षा रुंद टायर मावत नाही आणि मडगार्ड लावायला भोकंच नाहीत. पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा ठरलेला. सीटखाली अडकवायचं प्लॅस्टिकचं पान लावलंय, त्याने जेमतेम भागतं. शर्यती खेळायच्या असतील तर हे चालेल. लांब फिरण्यासाठी घेत असाल तर आधी बत्तीसचा टायर बसेल अशी एन्ड्युरन्स, म्हणजे लांब फेऱ्यांसाठी बनवलेली, फ्रेम बघा, वजन थोडं जास्त असलं तरी. मी पुन्हा सायकल घेतली तर एन्ड्युरन्सवालीच घेईन.