दरडीवर लक्ष ठेवायचं तर सॅटेलाइट रडार, जमिनीवरचं रडार की जीपीएस?

दरडप्रवण भागासाठी देखरेखीची यंत्रणा निवडताय ना, मग आधी हे ठरवा की तुम्हाला कुठे सरकतंय हे शोधायचंय की कधी कोसळेल हे. दोन्हीला एकच यंत्र पुरत नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

सॅटेलाइट रडार, म्हणजे इन्सार, पहिल्या प्रश्नासाठी जबरदस्त आहे. उपग्रह ठराविक दिवसांनी त्याच वाटेने परत येतो, खाली रडारच्या लहरी सोडतो, परत आलेल्या लहरींची फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते, मागच्या वेळच्या फेजशी ताडून बघतात आणि फरक सापडला की कळतं जमीन उपग्रहाच्या जवळ आली का लांब गेली. ढग असोत, रात्र असो, काम थांबत नाही. भरपूर फेऱ्यांचा डेटा एकत्र लावला तर वर्षाला काही मिलिमीटर हलणारा उतारसुद्धा पकडता येतो, तेही डोंगरावर कोणी न चढता. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहांचा डेटा २०१४ पासूनचा आहे आणि फुकट आहे, म्हणजे आज काम सुरू केलं तरी मागच्या दहाएक वर्षांचा इतिहास आयता मिळतो. हे जमिनीवरची यंत्रं देऊ शकत नाहीत, कारण ती बसवल्या दिवसापासूनच मोजायला लागतात.

आता अडचणी. सेंटिनेलच्या एका उपग्रहाची फेरी १२ दिवसांनी, दोन असतील तर ६, त्यामुळे रात्रीत वेग घेणारी दरड मधल्या काळात निसटते, आणि मुसळधार पावसात अचानक वाहून येणारा चिखल-दगडांचा लोंढा तर आधी काही हालचालच दाखवत नाही. सेंटिनेलची लहर साधारण ५.६ सेंटिमीटरची, म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये शेजारच्या जमिनीपेक्षा दीडेक सेंटिमीटर जास्त सरकलं की आकडा घोटाळायला लागतो. उपग्रह ध्रुवाकडून ध्रुवाकडे फिरतात आणि बाजूला बघतात, त्यामुळे उत्तर-दक्षिण सरकणं त्यांना जवळजवळ दिसतच नाही. उतार उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून असेल तर नकाशात तो शांत दिसेल आणि प्रत्यक्षात चालू असेल, हे मला सगळ्यात धोकादायक वाटतं. शिवाय कडेकपाऱ्यांत काही भाग रडारच्या सावलीतच राहतो.

झाडी दाट असेल तर मग कोणता उपग्रह हा प्रश्न येतो. छोटी लहर पानांवरूनच परत फिरते, पानं हलली-वाढली की दोन फोटो जुळत नाहीत. एल-बँड म्हणजे लांब लहरींचं रडार, त्याची लहर २३-२४ सेंटिमीटरची, ती झाडीतून बरीच खाली पोचते, शिवाय जास्त सरकणंही सहन करते. जपानचा अलोस-२ आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटलेला नासा-इस्रोचा निसार हे या गटातले. जंगलातल्या उतारासाठी मी आधी एल-बँडकडेच बघेन, उघड्या खडकाला किंवा वस्तीच्या भागाला सेंटिनेल छान पुरतो.

जमिनीवरचं रडार समोरच्या उतारावर रोखून बसवतात आणि ते दर काही मिनिटांनी पूर्ण उतार मोजतं, म्हणजे 'कधी' ला उत्तर द्यायची ताकद याच्यात आहे. अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन खाणीत एप्रिल २०१३ मध्ये प्रचंड मोठी दरड कोसळली, पण अशा देखरेखीमुळे माणसं आधीच बाहेर काढलेली होती, एकही जीव गेला नाही. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ गाव मे २०२३ मध्ये रिकामं केलं, जूनमध्ये डोंगराचा तुकडा सुटला आणि गावाच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला. तिथेही रडार डोळ्यात तेल घालून बसलेलं होतं. पण हे महाग प्रकरण आहे, एकच उतार बघतं, त्याला वीज लागते, समोर मोकळी जागा लागते आणि रात्री अलार्म वाजला तर उठून निर्णय घेणारा माणूस लागतो.

जीपीएसचं वेगळं, तो फक्त एका बिंदूचं सांगतो पण तिन्ही दिशांचं सांगतो, सतत सांगतो, म्हणजे उत्तर-दक्षिणची जी फट सॅटेलाइट रडार सोडतं ती हा भरतो. दरड किती खोलवरून सरकतेय हे मात्र वरून कोणालाच कळत नाही, त्यासाठी बोअर मारून आत इन्क्लिनोमीटर, म्हणजे बोअर कुठल्या खोलीवर वाकतोय ते मोजणारं यंत्र, घालावंच लागतं.

चीनमध्ये माओशियान इथे जून २०१७ मध्ये गाव गाडलं गेलं, नंतर सेंटिनेलचा जुना डेटा तपासला तेव्हा त्या उताराचा वेग आधीच वाढल्याचं दिसलं. डेटा होता, बघणारं कोणी नव्हतं. म्हणून मी म्हणतो, मोठा भाग असेल आणि कुठला उतार वाईट हेच माहीत नसेल तर फुकटच्या सॅटेलाइट डेटापासून सुरू करा आणि दर महिन्याला तो बघायला माणूस नेमा, त्यातून हलणारे चार-पाच उतार वेगळे निघाले की त्यांच्यावर जीपीएस आणि पर्जन्यमापक लावा. जमिनीवरचं रडार तिथेच आणा जिथे वेग वाढताना दिसतोय आणि खाली माणसं राहतायत. उलट एकच उतार आहे, भेगा डोळ्यांना दिसतायत, तर उपग्रहाची वाट बघत बसू नका, सरळ जीपीएस आणि भेगा मोजायची साधी यंत्रं लावा.

आणि कंपनीकडून सॅटेलाइटचा रिपोर्ट घेणार असाल तर त्यात उताराची दिशा आणि रडारच्या नजरेचा कोन दाखवणारा नकाशा मागा, जिथे रडारला दिसतच नाही तो भाग वेगळ्या रंगात हवा, 'सुरक्षित' सांगणाऱ्या हिरव्यात नाही.